नऊची पहिली खुर्ची

थेन ओल्डरॉइडचं लग्न आतापर्यंत दोनदा व्हायचं राहिलं होतं, आणि दोन्ही वेळा गुन्हा गाड्यांचा होता, असं त्याचं ठाम मत होतं.

पहिल्या वेळी रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी दारासमोर गाडीऐवजी नुसता पांढरा उंचवटा राहिला. थेनने फावडं घेतलं, लग्नाच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि घाम निथळेपर्यंत उकरत राहिला. शेवटी बर्फातून जी गाडी बाहेर आली ती शेजाऱ्याची होती. शेजारी खिडकीत उभा राहून गरम चॉकलेट पीत हे सगळं बघत होता. "मला वाटलं, तू मुळातच चांगला मुलगा आहेस," असं तो नंतर म्हणाला. दुसऱ्या वेळी थेन पहाटेच निघाला, गाडी नीट खालच्या पार्किंगमध्ये लावली आणि स्की करणाऱ्यांना तारेला लटकत्या खुर्च्यांतून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टकडे जाणाऱ्या बसमध्ये बसला. बस उबदार होती. ती पार्किंग ते लिफ्ट आणि लिफ्ट ते पार्किंग अशी दिवसभर गोल फिरते. थेनही तिच्याबरोबर फिरला. जेवणाच्या सुमाराला ड्रायव्हरने त्याला हलवून विचारलं, "बाबा रे, तू प्रवासी आहेस की भाडेकरू?"

त्यामुळे तिसऱ्या वेळी मॅरेनने तारीख ठरवली नाही. तिने खुर्ची ठरवली.

मॅरेन डोंगरावरच्या गस्त पथकात होती. हात-पाय मोडून घेणाऱ्यांना घसरगाडीत बांधून खाली आणणं आणि रात्रीच्या वादळात साठलेले बर्फाचे कडे सकाळी सुरुंग लावून पाडणं, ही तिची नोकरी. ती राहायचीही वरच, कामगारांच्या खोल्यांत. बर्फ पडला की तिला रजा नाही आणि बर्फ नसला की लग्नाला मजा नाही. मग तिने गस्तीचा प्रमुख बार्टन याला गाठलं. बार्टनने इंटरनेटवरून लग्न लावायचा अधिकार मिळवला होता. त्याला तेवढाच वेळ लागला जेवढा इतरांना बूट मागवायला लागतो.

"नऊला लिफ्ट सुरू होते," मॅरेनने थेनला फोनवर सांगितलं. "पहिल्या खुर्चीत मी आणि बार्टन बसणार. खुर्ची वर पोचेपर्यंत लग्न लागेल. वर पोचले की मी कामावर. तू त्या खुर्चीत असलास तर आपण नवरा-बायको. नसलास तर यापुढे मी तुझ्यासाठी कुठल्याच खुर्चीत थांबणार नाही. आणि हो, बाबांना घेऊन ये."

"पण समजा बर्फच जास्त—"

"थेन, ताज्या बर्फाच्या दिवशी जो माणूस पहिल्या खुर्चीला पोचू शकत नाही, तो आयुष्यात कशालाच पोचणार नाही."

या युक्तिवादावर त्या खोऱ्यात कोणीही वाद घातला नसता.

आणि ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्री आभाळ फाटलं. सकाळी टपालपेटीच्या डोक्यावर बर्फाची एवढी उंच टोपी होती की पेटी एखाद्या बिशपसारखी दिसत होती.

थेनची स्वतःची गाडी आज कामाची नव्हती. बर्फाच्या दिवशी डोंगरावर नेणारा रस्ता ज्या घळीतून जातो तिच्या तोंडाशी पोलीस टायर तपासतात, आणि थेनच्या टायरांत बघून दाढी करता आली असती. तेव्हा मॅरेनचे वडील, व्हर्ल क्रिस्टेन्सन, आपला चार माणसांचा निळा पिकअप ट्रक घेऊन त्याला न्यायला आले. व्हर्ल याच घळीच्या रस्त्यावर सगळी हयात वाहतूक पोलीस होते. निवृत्त झाले तेव्हा गणवेश परत केला, नजर केली नाही. आज त्यांनी तपकिरी सूट घातला होता, त्यावर बर्फाचं जाकीट, पायात स्कीचे बूट. ट्रकच्या टपावर दोघांच्या स्की दोरीने करकचून बांधलेल्या होत्या.

"बस," ते म्हणाले. "हे मांडीवर घे. सांडू नकोस."

थेनच्या मांडीवर एक भलंथोरलं, गरमागरम काचेचं भांडं आलं. त्यात चीज आणि कॉर्नफ्लेक्स घालून भट्टीत भाजलेले बटाटे होते, जे त्या खोऱ्यात मयतीला नेतात.

"हे लग्नाला चालतात, सर?"

"माझ्या बहिणीला हेच येतं," व्हर्ल म्हणाले. "शिवाय तुझा इतिहास बघता तिने दोन्ही शक्यता धरून केलेत."

घळीच्या तोंडाशी गाड्यांची रांग उभी होती, लाल दिव्यांची एक लांबच लांब माळ. रस्ता बंद. वरचे कडे पाडून होईपर्यंत कोणालाही सोडत नव्हते. लोक गाड्यांत झोपले होते, दात घासत होते. एकाने बर्फावर खुर्ची टाकून शेजाऱ्याचे केस कापायला घेतले होते.

डोंगरात कुठेतरी धडाम असा आवाज झाला आणि बटाटे हलले.

"मॅरेन," थेन म्हणाला.

"कशावरून? बार्टन असेल."

"नाही सर. बार्टन एक उडवून वाट बघतो. मॅरेन लागोपाठ दोन उडवते."

धडाम.

 लेकीने शाळेत पहिला नंबर काढल्यावर बापाची छाती होते तशी व्हर्लची छाती सूटमध्ये थोडी फुगली.

थेनने फोन लावला. "मॅरेन, रस्ता कधी उघडणार?"

"मी उडवायचं थांबवलं की."

"मग थांबव ना! मी रांगेत आहे. आपलं लग्न आहे!"

"थांबवते. मग कडा येऊन तुझ्या डोक्यावर पडेल. पण विधवा व्हायला आधी लग्न लागावं लागतं, थेन, आणि तिथेच तर आपलं दरवेळी अडतंय. बाबा आहेत ना?"

"आहेत."

"बटाटे?"

"मांडीवर."

"शाब्बास. आता फोन ठेव, माझ्या हातात वात आहे."

एवढ्यात काचेवर टकटक झाली. खांद्यावर लाकडी म्हणाव्यात इतक्या जुन्या स्की घेतलेली, सत्तरी कधीच मागे टाकलेली एक बाई बाहेर उभी होती. घळीत हा प्रकार नेहमीचा. वरचं पार्किंग लिफ्टच्या अगदी दारात आहे, पण तिथे चार माणसं असलेल्या गाडीलाच सोडतात. बाकीच्यांनी खालच्या पार्किंगला जायचं आणि बसची वाट बघत थंडीत उभं राहायचं. त्यामुळे ज्यांच्याकडे गाडी नाही ते रांगेत हिंडून ज्यांच्याकडे माणसं नाहीत त्यांना हेरतात.

"किती जण?" बाईंनी विचारलं.

"दोन," थेन म्हणाला.

"मग माझ्यावाचून तुमचं अडलंय. सीट गरम होते?"

"नाही."

"रेडिओवर गाणी?"

"बातम्या," व्हर्ल म्हणाले.

बाईंनी मागे-पुढे उभ्या असलेल्या गाड्यांवर एक नजर टाकली आणि सुस्कारा सोडला. "या वयात जास्त निवड करता येत नाही. मी आर्डिथ. स्की वर बांधू नका, मी मांडीवर घेते. टपावर ठेवलेली स्की आणि बँकेत ठेवलेले दागिने, ऐन वेळी हाताशी नसतात."

"पट्टा लावा," व्हर्ल म्हणाले.

"गाडी उभी आहे, बाळा."

"उभ्या गाडीतही पट्टा असतो."

आर्डिथबाईंनी पट्टा लावला आणि थेनकडे वळून म्हणाल्या, "तुझा टाय छान आहे. कोण गेलं?"

"माझं लग्न आहे. नऊला. पहिल्या खुर्चीत."

"अगं बाई!" त्यांनी भांड्यावरची फॉइल जरा उचलून बघितली. "मला वाटलं मयत."

आता तीन झाले होते, चौथा हवा होता. आर्डिथबाई ही गोष्ट अशी बोलल्या की जणू भाजीत मीठ कमी आहे. त्या खाली उतरल्या आणि मागच्या व्हॅनकडे गेल्या. व्हॅनमध्ये कॉलेजची पाच मुलं कोंबलेली होती.

"पाच आहात," आर्डिथबाई त्यांना म्हणाल्या. "लागतात चार. पाचवा तुमच्याकडे नुसता वाया चाललाय."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. ही बाजू त्यांच्या लक्षातच आली नव्हती.

"किपला द्या," एक म्हणाला. "तो गातो."

"मी जाणार नाही," किप म्हणाला. किप लांबच लांब होता. व्हॅनमध्ये तो घडी करून ठेवल्यासारखा बसला होता. "मित्र असं करतात का? त्या गाडीत खायला काय आहे?"

"बटाटे. वर चीज."

किप उलगडून बाहेर आला.

पण हा सौदा आजूबाजूच्या गाड्यांनी पाहिला, आणि मग बाजारच भरला. काचा खाली झाल्या. "इथे एक जास्त आहे!" "आम्हाला दोन लागतात, लहान चालतील!" एकाने दोन मेहुणे देऊ केले, परत आणून न सोडण्याच्या अटीवर. थेनच्या पुढे एक लांबलचक काळी गाडी होती, तीत एकटाच माणूस. तो खाली उतरला आणि गाडीच्या टपावर डोनटचं खोकं उघडून ठेवून काही न बोलता उभा राहिला. अशा माणसाला व्यापार शिकवावा लागत नाही. बघता बघता त्याच्याकडे दोन जण जमा झाले.

व्हर्ल स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. "नोकरीत असतो," ते म्हणाले, "तर यांना कुठल्या कलमाखाली धरलं असतं, तेच कळत नाहीये."

मागे किप बटाटे खात गात होता. व्हर्लनी बातम्यांचा आवाज वाढवला.

मग एकाएकी धडाम थांबलं. डोंगर गप्प झाला. पुढचे लाल दिवे एकेक करून विझले आणि रांग हलली. थेनने घड्याळ बघितलं आणि पुन्हा न बघायचं ठरवलं.

घळीत व्हर्लनी ट्रक असा हाकला की मागची व्हॅन दोनदा हॉर्न वाजवून थकली. "सर, थोडं जोरात..." थेन म्हणाला. "वेगाची पाटी बघितलीस?" व्हर्ल म्हणाले. "ती पाटी मी स्वतः लावलीय." 

वरच्या पार्किंगच्या फाटकाशी पुन्हा रांग. दोन्ही बाजूंनी लोक स्की खांद्यावर टाकून लिफ्टकडे पळत होते. आणि इथे घात झाला. पुढच्या काळ्या गाडीची मागची काच खाली आली, आतून एक हात बाहेर आला आणि त्या हातात जॅम भरलेला डोनट होता. तो हात काही बोलला नाही, नुसता हलला.

"त्या गाडीत सीट गरम होते म्हणे," किप पुटपुटला.

"किप," थेन म्हणाला, "माझं लग्न आहे."

"हो ना, अभिनंदन," किप मनापासून म्हणाला, आणि दार उघडून गेला. बटाटेही घेऊन गेला.

काळी गाडी चार माणसांनिशी फाटकातून आत गेली. ट्रक पुढे आला. फाटकावर नारिंगी जाकिटातली एक मुलगी होती, पापण्यांवर बर्फ जमलेली.

"किती जण?"

व्हर्लनी काच पूर्ण खाली केली. थेनने डोळे मिटले. त्याला ठाऊक होतं.

"तीन," व्हर्ल म्हणाले.

"खालचं पार्किंग. डावीकडून वळा."

"चौथा होता!" थेन पुढे वाकला. "आत्ताच पुढच्या गाडीत गेला!"

"पुढच्या गाडीत चार होते."

"त्यातला एक आमचा आहे!"

"आज सगळे हेच सांगतायत."

"अहो, माझं लग्न आहे! नऊला! पहिल्या खुर्चीत!"

मुलीने त्याच्याकडे अतिशय थकलेल्या माणुसकीने बघितलं. "सकाळपासून या फाटकातून पाच लग्नं, एक बाळंतपण आणि एक मूत्रपिंड वर जाऊ बघत होतं. ताज्या बर्फाचा दिवस आहे, दादा. डावीकडे."

मागून हॉर्न सुरू झाले. व्हर्लनी ट्रक डावीकडे घेतला.  खालचं पार्किंग म्हणजे बस, आणि बस म्हणजे काय हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण थोडं पुढे जाऊन व्हर्लनी ट्रक कडेला घेतला. तिथे माणसं उतरवायची जागा होती. सोडायचं आणि निघायचं, गाडी ठेवायची नाही.

"उतर, ओल्डरॉइड."

"आणि तुम्ही?"

"मी गाडी लावून येतो."

त्या डोंगरावर हे वाक्य रोज शेकडो बाप म्हणतात. पोरंबाळं दारात सोडायची, मग स्वतः मैलभर लांब गाडी लावायची आणि सगळ्यांचं सामान गळ्यात अडकवून परत यायचं. तोवर पोरांच्या तीन फेऱ्या झालेल्या असतात.

"सर, तोवर ती खुर्ची निघून जाईल. मॅरेनने सांगितलंय तुम्हाला घेऊन ये म्हणून."

"तू मला आणलंस. मी आलोय. आता राहिलंय ते गाडी लावणं." व्हर्ल समोरच्या काचेवरचा वायपर बघत होते, तो बंद होता. "ती माझ्यासाठी थांबेल म्हणून वाट बघू नकोस. तुझ्यासाठी थांबणार नाही हे तिने सांगितलंय, माझ्यासाठी थांबेल का, हे विचारायला आता वेळ नाही. पळ." मग त्यांनी हात लांब करून जाकिटाबाहेर आलेला थेनचा टाय सरळ केला. "आणि पळताना रस्ता बघून ओलांड."

थेन पळाला. स्कीच्या बुटांत माणूस पळत नाही, सिमेंटच्या बादल्यांत पाय घातलेल्या बदकासारखा पुढे पुढे पडत राहतो. आर्डिथबाई आपल्या लाकडी स्की घेऊन कधीच गर्दीत नाहीशा झाल्या होत्या.

लिफ्टपाशी माणसांचा पूर आला होता. टोप्या, गॉगल, नाकापर्यंत ओढलेले मफलर. एकाचाही चेहरा दिसत नव्हता, फक्त घाई दिसत होती. "जरा जाऊ द्या, माझं लग्न आहे!" थेन ओरडला.

"माझंही," एक गॉगल म्हणाला.

"मी नवरा मुलगा आहे!"

"मी हृदयाचा सर्जन आहे," दुसरा म्हणाला. "वर पेशंट वाट बघतोय. रांगेत उभा राहा."

तेव्हा थेनला एकट्यांची रांग दिसली. लिफ्टच्या कडेला ती एक अरुंद पट्टी असते. ज्यांचं कोणी बरोबर नाही त्यांनी तिथे उभं राहायचं आणि एखाद्या खुर्चीत जागा मोकळी राहिली की लिफ्टवाला हाक मारेल तसं जाऊन भरायचं. त्या दिवशी मोकळी खुर्ची वर सोडणं म्हणजे पाप. आणि लोक मित्रांबरोबर आले असल्यामुळे त्या पट्टीत जेमतेम चार माणसं होती. थेन त्यांच्या अंगावरून, क्षमा मागत, दोघांच्या स्कींवर पाय देत तोंडाशी पोचला.

समोर लिफ्ट थरथरत सुरू होत होती. चार माणसांची पहिली खुर्ची वळून येत होती. खुर्चीत बसायच्या रेषेवर मॅरेन उभी होती. वेण्यांत बर्फ, गालावर सुरुंगाची काजळी, छातीवर वॉकीटॉकी. तिच्या बाजूला बार्टन. मग एक मोकळी जागा. आणि त्यापलीकडे, एकट्यांच्या रांगेतून सगळ्यांआधी पोचलेल्या आर्डिथबाई.

"एक जागा मोकळी!" लिफ्टवर डॅक्स नावाचा पोरगा होता, तो सवयीने ओरडला. "एकटा कोण आहे?"

"मी!" थेन ओरडला. "मी आहे! मॅरेन, मी आलो!"

मॅरेन वळली. घड्याळ नऊ दाखवत होतं. तिच्या चेहऱ्यावर जे पसरत होतं ते हसू होतं, पण ते अर्ध्यातच थांबलं, कारण डॅक्सने लाल बटण दाबून लिफ्ट थांबवली होती.

"स्की?" डॅक्स म्हणाला.

थेनने खाली बघितलं. त्याने आपल्या पायांकडे असं बघितलं, जणू कोणी ओळखीचं माणूस भलत्याच गावी भेटावं. पाय होते, बूट होते. बुटांखाली थेट बर्फ होता.

"थेन," मॅरेन म्हणाली, "तुझ्या स्की कुठे आहेत?"

"बाबांकडे."

"बाबा कुठे आहेत?"

"स्कींबरोबर. खालच्या पार्किंगला."

मागच्या गर्दीतून एक हुंकार उठला. पहिली खुर्ची थांबलेली बघणं त्यांच्या सहनशक्तीपलीकडचं होतं. हृदयाचा सर्जन म्हणाला, "अहो, माझा पेशंट!"

"स्की नसेल तर खुर्ची नाही," डॅक्स कळवळून म्हणाला. "वर उतरायचा उतार आहे. हा घसरणार कशावर? मी नाही, दादा, नियम म्हणतोय."

मॅरेनच्या छातीवर वॉकीटॉकी खरखरला: गस्त वर कधी येतेय? घसरायचे उतार उघडायचेत. मॅरेनने थेनकडे बघितलं. तीच नजर त्याने दोनदा पाहिली होती, शेजाऱ्याच्या गाडीपाशी आणि बसच्या दारात. "तू आलास," ती हळूच म्हणाली. "पण अर्धाच."

"मॅरेन, मी चढत येतो. चालत. संध्याकाळपर्यंत—"

"डॅक्स," बार्टन म्हणाला. बार्टन कमी बोलायचा. सुरुंगाच्या कामात बोलघेवडी माणसं टिकत नाहीत. "वरच्या उपाहारगृहात मिठाची पोती कशी जातात?"

"याच खुर्चीवरून."

"त्यांना स्की असतात?"

डॅक्सने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. ते सामान आहे. सामान बांधून नेतात. वरचा माणूस लिफ्ट थांबवून उतरवून घेतो."

"मग हा सामान आहे," बार्टन म्हणाला. "बांध."

"किती किलो?" डॅक्सने विचारलं, कारण तेही विचारायचं असतं.

दोन मिनिटांत थेन नारिंगी पट्ट्यांनी खुर्चीच्या पाठीला आवळलेला होता आणि त्याच्या टायला 'उपाहारगृह, काळजीपूर्वक हाताळा' अशी चिठ्ठी लटकत होती. "अजून एक फेरा घाल," मॅरेन म्हणाली. "याला घसरून जायची सवय आहे." लिफ्ट सुरू झाली, पाय जमिनीवरून सुटले, आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या. लग्नाला नाही, खुर्ची हलली म्हणून.

खाली पाईनची झाडं बर्फाने वाकलेली होती. हवा एवढी स्वच्छ होती की दात दुखत होते.

"बाबा नाहीत," मॅरेन म्हणाली. तिने नाक ओढलं, थंडीनेच असावं. मग वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "खालचं पार्किंग, खालचं पार्किंग, मी मॅरेन. निळा ट्रक आलाय का? तपकिरी सूट, पाटीपेक्षा हळू चालवणारे गृहस्थ. ओव्हर."

खरखर. मग एक आवाज: "आलेत. मला गाड्या लावायच्या रेषा वाकड्या आहेत म्हणून सांगतायत. ओव्हर."

"त्यांच्या हातात तुझा वॉकीटॉकी दे."

खरखर. आणि मग पोलिसांच्या रेडिओवर आयुष्य काढलेला, खणखणीत आवाज आला. "क्रिस्टेन्सन. ऐकू येतंय. ओव्हर."

"बाबा, आम्ही खुर्चीत आहोत. सुरू करतोय. ओव्हर."

"मिळालं. टोपी काढतो. ओव्हर."

बार्टनने घसा साफ केला आणि मोजकं बोलला. जन्मभर एकमेकांची साथ, बर्फात आणि बर्फ नसताना. मध्येच वॉकीटॉकीवर कोणीतरी सूपचं मोठं पातेलं मागितलं, कारण ती वाहिनी सगळ्या डोंगराची होती. "पातेलं नंतर," व्हर्लचा आवाज आला, "वाहिनीवर लग्न चालू आहे. ओव्हर," आणि संपूर्ण डोंगर गप्प झाला.

"थेन," बार्टन म्हणाला, "मॅरेन तुला बायको म्हणून मान्य आहे?"

थेनला हात हलवता येत नव्हते. "मान्य आहे."

"मॅरेन?"

मॅरेनने त्याच्याकडे, मग त्याच्या टायवरच्या चिठ्ठीकडे बघितलं.

"लवकर, गं," आर्डिथबाई म्हणाल्या. "खांब संपत आले. वर पहिली घसरण माझी आहे."

"या लग्नाला," बार्टन म्हणाला, "कोणाची हरकत?"

वॉकीटॉकी खरखरला. 

"एक प्रश्न," व्हर्ल म्हणाले. "मुलगा नऊला रेषेवर होता का? ओव्हर."

मॅरेनने बटण दाबलं. खुर्ची एका खांबावरून खडखडत गेली. "होता, बाबा. स्की नव्हत्या, पण होता. ओव्हर."



"मग माझी हरकत नाही. ओव्हर." त्यानंतर जोरात नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि तोही संपल्यावर, शिस्तीत, "ओव्हर."

"मलाही मान्य आहे," मॅरेन म्हणाली, आणि वाकली, आणि दोघांचे गॉगल खाडकन एकमेकांवर आपटले. साक्षीदार म्हणून सही करताना आर्डिथबाईंनी हातमोजाही काढला नाही.

वर डॅक्सच्या जोडीदाराने लिफ्ट थांबवून सामान उतरवून घेतलं आणि मीठ कुठे आहे म्हणून विचारलं. आर्डिथबाई एकही पाऊलखूण नसलेल्या उतारावर कधीच पसार झाल्या होत्या. त्यांची फक्त एक लांब, आनंदी किंकाळी मागे राहिली होती. प्रश्न एवढाच उरला की स्कीशिवाय नवऱ्याला खाली न्यायचं कसं. पण त्या प्रश्नाचं उत्तर मॅरेन पगार घेऊन रोज देत होती. तिने कोपऱ्यातली घसरगाडी ओढली, थेनला तीत आडवं केलं, पिवळ्या कापडात गुंडाळलं, पट्टे आवळले आणि दांडा हातात धरून उताराला लागली.

थेनला फक्त निळं आभाळ दिसत होतं, त्यातून जाणारी तार आणि तारेला लटकून वर येणाऱ्या खुर्च्या. खुर्च्यांतले लोक खाली वाकून बघत होते; गुंडाळलेला माणूस, वर आलेला टाय. एका गृहस्थाने टोपी काढली.

"बिचारा!" वरून एक बाई ओरडली. "काय झालंय हो त्याला?"

"काही नाही," मॅरेन वळण घेत, मान वर करून ओरडली. "नवरा आहे माझा!"

हे तिच्या तोंडून थेन पहिल्यांदाच ऐकत होता. त्याला हात हलवून दाखवायचा होता, पण हात कापडात होते. बाईंनी अतिशय सहानुभूतीने मान हलवली. दोघांपैकी कोणासाठी, ते खालून नीट कळलं नाही.